पापण्या उतरवणारी मदिना

तमाशाच्या फडात सगळ्यात अवघड काम कोणतं, असं मला कोणी विचारलं तर त्याला वाटतं हा पेटीचं नाव घेणार. मी पंडित पेटीवाला. उभी हयात काळी-पांढरी बडवण्यात गेली, तेव्हा तसं वाटणं साहजिक आहे. पण पेटी बेसूर झाली तर फार तर शिट्ट्या पडतात. मदिनाच्या हाताखाली जिवंत माणसाचे डोळे असायचे. फडातल्या बाईच्या खोट्या पापण्या उतरवणं हे तिचं काम होतं. हसू नका. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीही हसलो होतो.

मदिना मूळची धरणगावची, पिंजाऱ्याची पोर. बापाबरोबर दारोदार गाद्या पिंजत लहानाची मोठी झालेली. लग्न झालं अय्युबशी. हा अय्युब आमच्या झुलालनानांच्या फडात गॅसबत्त्या सांभाळायचा. झुलालनाना म्हणजे फडाचे मालक, भडगावकडचे. एका पावसाळ्यात अय्युबला कावीळ झाली आणि तो गेला. मूलबाळ नव्हतं, माहेरी भावजय दारात उभं करेना, म्हणून मदिना फडातच राहिली. बायांची लुगडी धुवायची, घुंगरं सांभाळायची, वेण्या घालायच्या. अंगाने काटकुळी आणि बोलायला तुसडी. मीही किरकिरा माणूस, त्यामुळे आमचं छान जमायचं. दोघं मिळून साऱ्या फडाला नावं ठेवायचो.

एकोणीसशे सत्तरच्या आगेमागे नाना मुंबईहून पापण्यांची एक जोडी घेऊन आले. सिनेमातल्या नट्या लावतात तसल्या. दोऱ्याएवढी बारीक पट्टी आणि तिला ओळीने काळे केस. सगळा फड ती जोडी बघायला गोळा झाला. एकाला ती सुरवंट वाटली, दुसऱ्याने स्वतःच्या मिशीवर धरून दाखवली. नानांनी सगळ्यांना हाकललं आणि कौतिकला हाक मारली.

कौतिक ही आमच्या फडाची मुख्य नाचणारी. वयाने लहान, रंगाने सावळी आणि आवाज बेताचाच. पण तिचे डोळे! गौळणीत ती नुसती मान वळवून बघायची, तर पुढच्या रांगेतल्या प्रत्येक गड्याला वाटायचं, ही आपल्याकडेच बघते आहे. नानांचं म्हणणं असं, की हे सुख पुढच्याच रांगेला का? मागे झाडावर चढून बसलेल्यालाही ते डोळे दिसले पाहिजेत. धंदेवाईक डोकं होतं नानांचं, नाव ठेवायला जागा नाही. पापण्या लावून कौतिक बत्तीच्या उजेडात आली आणि झाडावरचे लोकही ओरडायला लागले.

लावणं सोपं होतं. सोबत आलेली चिकटवायची ट्यूब लवकरच संपली, तेव्हा आमचे सोंगाडे मिशा चिकटवायला वापरतात तो गम वापरायला सुरुवात झाली. काढणं मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं. पहिल्या दिवशी कौतिकने मिशी ओढतात तशी पापणी ओढली, आणि तिच्याबरोबर तिच्या स्वतःच्या पापणीचे केसही आले. पापणीच्या काठावर रक्ताचे बारीक थेंब उभे राहिले. पोर ओंजळीत तोंड धरून रडत बसली. तेव्हा मदिना लुगडी टाकून आली, तिच्यासमोर बसली आणि म्हणाली, "दुसरी मी काढसू. तू डोया मिट."

त्या दिवसापासून ते काम मदिनाचं झालं. तिची रीत मी कितीदा तरी पाहिली आहे. तमाशा उजाडता संपायचा. कौतिक कनातीच्या आडोशाला डोकं मागे टेकून बसायची. कंदिलाच्या उजेडात डोळ्याला हात लावायचा नाही, हा मदिनाचा नियम. चांगलं फटफटल्यावरच ती कामाला बसायची. वाटीत शेंगदाण्याचं तेल कोमट करायचं, आधी आपल्या मनगटावर आतल्या बाजूला टेकवून बघायचं. कापसाचा चपटा बोळा त्यात भिजवून पिळायचा आणि मिटलेल्या डोळ्यावर ठेवून द्यायचा. मग नुसतं बसायचं. गम आपसूक सैल होईपर्यंत बोटसुद्धा लावायचं नाही. त्यानंतर एका हाताने पापणी हलकी धरायची आणि काडीला गुंडाळलेल्या कापसाने बाहेरच्या कोपऱ्यापासून नाकाकडे जरा जरा मोकळं करत जायचं. कुठे अडलं तर ओढायचं नाही, पुन्हा बोळा ठेवायचा. निघाली की ओल्या स्वच्छ फडक्याने तेल पुसायचं, पट्टीवरचा गम नखाने काढायचा आणि जोडी तोंडाला लावायच्या स्नोच्या रिकाम्या डबीत ठेवायची.

मी एकदा विचारलं, हे तुला कोणी शिकवलं? ती म्हणाली, कापसात गुठळी निघाली की बाप ओरडायचा, ओढू नको, ओढलं की धागा तुटतो. एवढंच. बहुतेक वेळा काम होईपर्यंत कौतिक बसल्या जागी झोपून गेलेली असायची. रात्रभर नाचलेल्या बाईच्या डोळ्यांशी चाललेलं ते काम बघताना माझ्यासारख्या किरकिऱ्या माणसालाही बरं वाटायचं.

मग सारंगखेड्याची यात्रा आली. दत्तजयंतीची ही यात्रा घोड्यांच्या बाजाराची, लांबलांबून व्यापारी येतात. थंडी अशी, की पेटीवर बोटं वळेनात. त्यात त्या वर्षी आमच्या राहुटीसमोर दुसरा फड उतरलेला. दोन फड समोरासमोर आले की एकमेकांना पाण्यात पाहतात. तिकडची ढोलकी जरा जोरात वाजली की नानांचा जीव खालीवर व्हायचा. आणि नेमका पहिल्याच दिवशी गम संपला. आमच्या नव्या वगात शिपाई फार होते, त्या सगळ्यांच्या मिशांना तो लागला.

नाना यात्रेत फिरले. गम कुठला मिळायला? शेवटी सायकलवाल्याकडून पंक्चरचं सोल्युशन घेऊन आले. रबराला रबर चिकटवायचं ते. मदिनाने नळी हातात घेऊन हुंगली आणि तिचं डोकंच फिरलं.

"नाना, हाई टायरले लावतस. डोयाले नही."

"एक खेळनं काम शे," नाना म्हणाले. "समोर गर्दी देख. बठ्ठा लोक तिकडे जाई राहिनात."

"मी नही लावाव."

नाना मदिनावर ओरडले नाहीत. ते कौतिककडे वळले. आणि कौतिक, वेडी पोर, हसून म्हणाली, "लाई दे ना, अक्का. काय व्हस?" मदिना तिथून उठून गेली. मिशा चिकटवणाऱ्या सोंगाड्याने कौतिकच्या पापण्या चिकटवल्या.

खेळ असा रंगला की समोरच्या राहुटीतली माणसं आमच्याकडे आली. उजाडल्यावर मदिना तेलाची वाटी घेऊन बसली. बोळे ठेवून ठेवून थकली, पण सोल्युशन हलेना. कोपऱ्यात जरा सुटलं की चिंगमसारखं ताणायचं आणि सोबत कातडी ओढायचं. तिने नानांना सांगितलं, निघेल, पण अख्खी सकाळ जाईल, दुपारचा खेळ नको. दुपारच्या खेळाची दवंडी तर गावभर झालेली. नाना म्हणाले, मग राहू दे, उद्या काढ. कौतिकही म्हणाली, राहू दे, मला झोप येते आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मदिना सांगायची आणि नाना उद्यावर ढकलायचे. उखडलेल्या कडा तो सोंगाडा वरून पुन्हा सोल्युशन लावून दाबून टाकायचा.

कौतिकच्या पापण्या सुजल्या. गांधीलमाशी चावल्यावर दिसतात तशा. त्या सुजेवर नाचताना तिला समोरच्या बत्त्यांचा उजेड सहन होईना. मग एका सकाळी ती उठली तेव्हा दोन्ही डोळे पुवाने चिकटलेले होते आणि ती आंधळ्यासारखी हाताने चाचपडत मदिनाला हाका मारत होती.

मदिना सरळ नानांच्या तंबूच्या दारात जाऊन बसली. "आज पापन्या निंघतीन, मंग खेळ. नही ते मी आठेच बसेल शे," ती म्हणाली. नानांनी बाहेर येऊन कौतिकचं तोंड पाहिलं आणि मुकाट्याने दुपारपर्यंतची सवड दिली. नाना काही राक्षस नव्हते. फडातल्या एवढ्या तोंडांना घास घालायचा होता आणि त्यांना भीती होती की आज गर्दी तुटली तर पुढच्या यात्रेत कोणी उभं करणार नाही. पण भित्रा माणूस दुसऱ्याच्या अंगाशी किती खेळतो, हे मी त्याच दिवशी पाहिलं.

मदिनाने आधी कोमट पाण्याने पू धुतला. मग उजव्या डोळ्यावर बोळा. मी जवळच पेटीचा भाता दुरुस्त करत बसलो होतो. बोळा गार झाला की दुसरा, तो झाला की तिसरा. मध्येच ती काडी टोकायची, पुन्हा बोळा ठेवायची. कौतिक कण्हायला लागली की थांबायची. ऊन कनातीच्या वर आलं तेव्हा उजवी पापणी निघाली. कौतिकच्या स्वतःच्या केसांतला एकही तिच्याबरोबर आला नव्हता. कौतिकने डोळा किलकिला केला आणि म्हणाली, "पंडितभाऊ, तुम्ही दिखतस." मला फार आनंद झाला, खोटं कशाला बोलू?

मग डावा. बाहेरचा कोपरा सुटला, पट्टी निम्मी मोकळी झाली. तेल गार पडलं होतं. मदिना वाटी घेऊन ते कोमट करायला चुलीकडे गेली. चूल राहुटीच्या पलीकडे होती.

तेवढ्यात नाना आले. समोरच्या फडाची ढोलकी सुरू झालेली, आमच्या राहुटीत लोक बसलेले आणि त्यांची आरडाओरड चाललेली. नानांनी कौतिककडे पाहिलं. एक डोळा मोकळा, दुसऱ्यावर अर्धी पापणी लोंबते आहे. त्यांच्या हातात चिंधी होती आणि चिंधीला पेट्रोलचा वास. सायकलवाल्याने त्यांना सांगितलं होतं, सोल्युशन पेट्रोलने झटक्यात निघतं. खरंच निघतं, टायरचं. फडाच्या ट्रकमधून त्यांनी ते काढून आणलं होतं.

मी म्हणालो, "नाना, मदिना येस, थांबा."

"ती येस तवलोंग बठ्ठा लोक उठी जातीन," ते म्हणाले आणि कौतिकसमोर बसले. "बेटी, डोया घट मिट. व्हयनं आते." कौतिकने मिटला. तिने आजवर नानांचं सगळंच ऐकलं होतं. नानांनी चिंधी दाबली, घासली आणि पट्टी ओढली. पट्टीचं सुटलेलं कडक टोक पापणीखाली शिरलं आणि वरून चिंधी घासली गेली. कौतिकची किंकाळी मी अजून विसरलेलो नाही. घोड्यांच्या बाजारातले घोडेसुद्धा बिथरले असतील.

मदिना धावत आली. वाटी फेकून तिने घागर उचलली आणि कौतिकचं डोकं मांडीवर घेऊन डोळ्यावर पाण्याची धार धरली. घागर संपली, दुसरी आणली. नाना शेजारी उभे होते, चेहरा पांढराफटक. "धुई टाकं ना, बरं व्हई जाई," असं पुटपुटत होते. आणि मग राहुटीतून शिट्ट्या आल्या, लोकांनी बांबू हलवायला सुरुवात केली, तसा या माणसाने तोंडातून शब्द काढला, "गौळण तेवढी करी ले, बेटी. पदर लई ले डोयावर."

मदिनाने त्या वेळी नानांना ज्या शिव्या दिल्या त्या मी लिहीत नाही. पण कौतिक उठली. मदिनाचा हात बाजूला करून उठली. घुंगरं पायात होतीच. डाव्या डोळ्यावर पदर ओढून ती उभी राहिली आणि मी पेटीवर बसलो. पदराआडून एकाच डोळ्याने बघणारी ती गौळण लोकांना नवी अदा वाटली. टोप्या उडाल्या. पदर भिजून गालाला चिकटला होता आणि तिच्या हनुवटीवरून पाणी गळत होतं. पुढच्या रांगेतला एक जण ओरडला, "मार डाला!" त्या गर्दीची मला आजही किळस येते.

यात्रा संपेपर्यंत नानांनी तिला कुठे हलवलं नाही. मदिना रोज डोळा धुवायची आणि रोज सांगायची, डॉक्टर, डॉक्टर. शेवटी तिनेच आपली हातातली पाटली उतरवून जीपवाल्याला दिली आणि कौतिकला घेऊन धुळे गाठलं. डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं. बुबुळाला जखम होऊन ती चिघळली होती. त्यांनी औषधं घातली, पट्ट्या बांधल्या, होतं नव्हतं ते सगळं केलं. पट्टी सुटली तेव्हा डाव्या बुबुळावर पांढरं फूल पडलेलं होतं. उजेड-अंधार कळायचा, बाकी काही नाही. उजवा डोळा मात्र धडधाकट होता. डॉक्टर म्हणाले, या डोळ्यावरची पापणी कोणी काढली? मदिना म्हणे भिंतीकडे तोंड करून रडली. हे मला कौतिकने सांगितलं.

फडात काय पसरलं असेल? मदिनाने डोळ्यात तेल घातलं म्हणून डोळा सडला! नानांनी हे आपल्या तोंडाने म्हटलं नाही, पण म्हणणाऱ्यांना अडवलंही नाही. मी अडवायला गेलो तर मला म्हणाले, पंडित, तू पेटी वाजव. मदिनाचं बोचकं कोणीतरी ट्रकमधून उतरवून ठेवलं.

दोघी धुळ्यातच राहिल्या, मोगलाईत एका पत्र्याच्या खोलीत. मदिनाने बापाचा धंदा काढला, घरोघर गाद्या पिंजायची. कौतिक विड्या वळायची. एकाच डोळ्याने काम करायचं म्हणजे तो लवकर दुखायचा, मग मदिना तिच्या हातातलं तंबाखू-पानांचं सूप काढून घ्यायची आणि पिंजून आल्यावर स्वतः वळत बसायची. मी धुळ्याला गेलो की जायचो. कौतिकने आरसा भिंतीकडे फिरवून ठेवलेला असायचा. माझ्याशी बोलताना ती उजवा गाल पुढे करून बसायची. जी पोर नुसत्या नजरेने राहुटी हलवायची, तिला आता समोरच्या माणसाकडे बघायची लाज वाटत होती. याचा मला अजून संताप येतो.

पुढच्या दिवाळीच्या तोंडावर नाना त्या खोलीच्या दारात उभे राहिले. मीच त्यांच्याबरोबर होतो, मला त्यांनी मुद्दाम नेलं. त्यांची नवी नाचणारी सारंगखेड्याला समोर उतरलेल्या त्या फडाने पळवली होती. नाना उंबऱ्याबाहेरच बसले आणि म्हणाले, कौतिक, चल. डाव्या बाजूने केसांची बट सोडू, पापणी लावू, बत्तीच्या उजेडात कोणाला कळतं?

मदिना पिंजायचं धनुकलं उचलून उठली. मला वाटलं, हाणते आता. पण कौतिकने विचारलं, "अक्का संगे येई का?"

"तू जाशी?" मदिना म्हणाली. "त्यानीच तुना डोया लिना आनि तू त्याना संगे जाशी?"

"मंग काय करू, अक्का? आठे बसीसन विड्या वयता वयता हाऊ डोया बी जाई. माले नाचाशिवाय काय येस?"

मदिनाने धनुकलं भिंतीला टेकवलं. मग नानांकडे वळून तिने आपली अट सांगितली: गम माझ्या कमरेला राहील आणि कौतिकच्या डोळ्याला माझ्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. तुम्हीही नाही. नानांनी मान डोलावली. मान डोलवायला त्यांचं काय जात होतं? मदिना त्यांच्यासाठी आली नव्हती. कौतिकचा एकच डोळा उरला होता आणि तो दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायची तिची तयारी नव्हती, म्हणून ती आली. ज्यांनी तिचं बोचकं खाली टाकलं होतं, त्यांच्याच बायांची लुगडी पुन्हा धुवायला लागली.

त्या हंगामात आम्ही सावद्याला होतो. केळीच्या व्यापाऱ्यांनी खेळ ठेवला होता. लोकांनी टाळ्या पिटल्या आणि बटेआड काय आहे ते कोणालाही कळलं नाही. उजाडलं. पुढचा मुक्काम लांबचा होता, ट्रक भरून उभा होता, ड्रायव्हर भोंगा वाजवत होता. कौतिक कनातीला डोकं टेकून बसली होती. मदिनाने उजवी पापणी काढली होती आणि आता डाव्या डोळ्यावर बोळा ठेवून ती नेहमीसारखी नुसती बसली होती.

नाना आले. थोडा वेळ येरझाऱ्या घातल्या. मग त्यांना राहवेना. "मदिना, तो डोया ते गयेल शे," ते म्हणाले. "त्याले इतलं काय जपनं? ओढी टाक नि चाल."

मदिनाने त्यांच्याकडे वर पाहिलंसुद्धा नाही. बोळा उचलला, मनगटावर टेकवला, गार वाटला म्हणून पुन्हा तेलात बुडवला.

बोलली ती कौतिक. डोळे मिटलेलेच होते. आवाजात राग नव्हता, एखाद्याला न ठाऊक असलेली गोष्ट सांगावी तशी ती म्हणाली, "नाना, त्याले दिखत नही. पन दुखस. समदास्मा जास्त तोच दुखस."

नानांनी हाताने ड्रायव्हरला भोंगा बंद करायची खूण केली. मदिनाने बोळा परत डाव्या डोळ्यावर ठेवला आणि गम सुटायची वाट बघत बसली.